खाणाऱ्यांची करुणा

"शेवटी कापून खाणारच ना? मग एवढी सेवा कशाला?" घारीच्या नखांतून सुटलेल्या पिलाला आई हळद लावत होती, तेव्हा एक शाकाहारी गृहस्थ हसून म्हणाले.

आईने जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुतली होती. पिलू डालग्याखाली वेगळं ठेवलं, कारण रक्त दिसलं की सोबतचीच पिलं टोचून टोचून मारतात. (इथे जातीवर बोलायचा मोह होतो, पण कोंबड्यांना कुणी धर्मग्रंथ लिहून दिलेला नाही.) चोचीत पाणी ओतलं तर श्वासनलिकेत जातं, म्हणून ओलं बोट चोचीच्या कडेला लावायचं. हे ज्ञान तिला कोंबड्या पाळून, खाऊन आणि विकूनच मिळालं.

मांस खाणारा निर्दयी, हा शिक्का आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेब गरजेपोटी मारणं आणि मारण्याची हौस यांत फरक करतात. अहिंसा त्यांच्या लेखी तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. ताटावरून माणसाची करुणा मोजणाऱ्यांनी तो फरक कधी वाचला? त्या गृहस्थांच्या ओट्यावर माझ्या आईला आजही पाणी वरून, ओंजळीत ओततात.