मुक्त प्रणालीचें सोंवळें

संगणकाचा सर्व कारभार चालविणारी जी मूळ प्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेक घरीं ती एखाद्या कंपनीच्या मालकीची असते. १९९१ पासून वाढत आलेली लिनक्स मात्र निराळी. तिची घडण कोणीही पाहावी, सुधारावी व शेजाऱ्यासही द्यावी, अशी तिची रीत आहे. अशा मुक्त प्रणालीनें कंपन्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरला आपल्या घरांत जागा द्यावी कीं नाहीं, हा वाद तिच्या अनुयायांत पुष्कळ वर्षें चालला आहे. आणि त्याचा आमच्या खानदेशांतील एका संग्रहाशीं संबंध आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या पंथांतही सोंवळेंओंवळें आहेच. १९८३ सालीं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणारे रिचर्ड स्टॉलमन यांच्या मतें बंदिस्त सॉफ्टवेअरची नुसती शिफारस करणेंसुद्धां गैर. १९९३ सालीं निघालेल्या डेबियन मंडळींचें धोरण त्या मानानें मवाळ. त्यांच्या १९९७ च्या वचनपत्रांत, आपली प्रणाली पूर्णपणें मुक्त राहील, असें पहिलें कलम आहे. आणि ज्यांस बंदिस्त वस्तूंवांचून गत्यंतर नाहीं त्यांचीही सोय ठेवूं, असें पांचवें! पुढें संगणकांतील बिनतारी जोडणीसारखे भाग कंपनीच्या बंदिस्त सूचनांवांचून चालेनात, तेव्हां त्यांनीं २०२२ सालीं मतदान घेतलें, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या सूचना मूळ संचांतच घातल्या. आमच्या शास्त्रकारांनीं यास आपद्धर्म म्हटलें असतें.

आतां संग्रहाची गोष्ट. धुळें तालुक्यांत शिक्षक असतांना मुलांच्या व त्यांच्या आयांच्या तोंडून ऐकलेले अहिराणी शब्द आणि ओव्या मीं बरीच वर्षें टिपून ठेविल्या. १९९८ सालीं जळगांवच्या एका छापखान्यांत त्यांची अक्षरजुळणी संगणकावर झाली. छपाई व्हावयाची ती राहिली, छापखाना बंद पडला, आणि मूळ वह्या वाळवीनें खाल्ल्या. उरली ती फाइल. नातवानें ती लिनक्सवर उघडली तों इंग्रजी अक्षरें व चिन्हें यांचा नुसता खच! त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचीं चित्रें बसवीत, आणि प्रत्येक कंपनीची वांटणी निराळी. युनिकोडमध्यें 'क' चा क्रमांक २३२५. तो कोणाच्या मालकीचा नाहीं. आमच्या फाइलींतील 'क' मात्र एका कंपनीचा मिंधा होता.

वाचकहो, धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत एकदां जाऊन पाहावें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यासच निवर्तले, आणि पुढच्याच वर्षीं हें मंडळ स्थापन झालें. त्यांनीं घरोघर विनवण्या करून जे मोडी कागद मिळविले, तशा प्रकारचे शेंकडों वर्षांचे कागद आजही वाचतां येतात. कारण मोडी शिकण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. आणि पंचविशीची फाइल वाचतां येऊं नये!

म्हणून माझें मत सोंवळ्या पक्षाच्या विरुद्ध जातें. मुक्त प्रणालीनें बंदिस्त सॉफ्टवेअर चालूं द्यावें. न दिल्यास कंपनीचें कांहींच अडत नाहीं. आमच्या ओव्या मात्र कोंडून राहतात. आयतें मिळूं लागल्यावर मुक्त साधनें घडविण्याचे कष्ट कोण घेईल, हा प्रतिपक्षाचा आक्षेप खोटा नाहीं. पण त्याला उत्तर दार लावून घेणें हें नव्हे. नवें लेखन युनिकोडमध्येंच ठेवावें, शाळांनीं व छापखान्यांनीं तरी हा नियम कडक पाळावा. जुनें सोडविण्यापुरती जुन्या कुलपाची किल्ली घरांत असूं द्यावी.

छापखान्याच्या मालकांनीं आपली रीतसर विकत घेतलेली तबकडी शोधून दिली. १९९३ पासून चालत आलेल्या 'वाइन' ह्या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारें तो बंदिस्त प्रोग्रॅम लिनक्सवर चालला, आणि ओव्या पडद्यावर जशाच्या तशा उमटल्या. त्या समोर ठेवून नातू आतां युनिकोडमध्यें रूपांतर करीत आहे. पहिली वेलांटी आणि रफार तेवढे अजून भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. ते सूनबाई आणि मी रोज संध्याकाळीं दोन-दोन पानें हातानें नीट करतों.