उघडा एका हाताने, मिटा दोन हातांनी

नवीन घडीचा चाकू घेतलेला ट्रेकर ओळखणं सोप्पं असतं. पायथ्याच्या टपरीवर चहा येईपर्यंत तो अंगठ्याने टक्कन पातं उघडून दाखवतो. मिटून मात्र कोणी दाखवत नाही. आणि मंडळी, खरा धोका तिथेच आहे.

साध्या स्विस नाइफचं पातं नखाने खेचावं लागतं, म्हणजे दोन हात आलेच. स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये पात्यालाच गोल भोक पाडलं. त्यात अंगठा अडकवून ढकललं की पातं बाहेर. सोय खरंच कामाची आहे. ताडपत्रीची दोरी एका हाताने ताणून धरलीय, सोडली तर वारा सगळं घेऊन जाईल, अशा वेळी दुसऱ्या हाताला चाकू उघडता यायलाच हवा.

पण पहिला हात 'बिझी' का आहे ते बघा. दोरी धरली असेल तर ठीक. राजगडच्या चोर दरवाज्याच्या वाटेवर रेलिंग धरलं असेल, तर चाकू खिशातच बरा. ज्या हाताने आपण सावरलेलो आहोत तो मोकळा होईपर्यंत पातं बाहेर काढायचं नाही.

आता मिटायचं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाला टेकून बसते. ती अंगठ्याने बाजूला दाबायची, म्हणजे अंगठा नेमका पात्याच्या वाटेत! एका हाताने मिटायचंच असेल तर पट्टी दाबा, तर्जनीने पात्याची पाठ जराशी ढकला आणि थांबा. अंगठा बाहेर घ्या, मगच उरलेलं मिटा. हात ओले असतील, अंधार असेल, तर हे सगळं विसरा. दोरी बांधून झाली की दुसरा हात मोकळाच असतो की! खाली बसा, दोन्ही हात वापरा.

एवढा बाऊ कशाला? बोट वाकवणारे स्नायूबंध तळव्याच्या बाजूला, कातडीच्या जरासेच खाली असतात. तुटले तर बोट वाकत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. गडावरून गुंजवण्यात उतरायलाच दीड-दोन तास, हॉस्पिटल त्याच्याही पुढे. आणि आपलं तर पोटच कीबोर्डवर आहे.

तेव्हा नवा चाकू आणलात की धारेवर जाड चिकटपट्टी लावा आणि घरी बसून पन्नासदा मिटून बघा. उघडणं आपोआप येतं.