बाबांचा पांढरा कापूस

आमचे बाबा नौदलात इंजिन रूमचे माणूस. विक्रांत या विमानवाहू जहाजावर ते नऊ वर्षं होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं पाण्याच्या रेषेखाली, बॉयलर रूममध्ये गेली. वर डेकवरून विमानं उडायची, फोटो तिथले निघायचे. खाली चार बॉयलर, दोन टर्बाइन आणि घामाने निथळणारी माणसं. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले होते, म्हणून जहाज पूर्ण वेगाने चालवता येत नव्हतं. तरी ते बंगालच्या उपसागरात गेलं, आणि त्याच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. ही गोष्ट आपल्या वर्गातल्या मुलांनी बाबांकडून दोन-तीनदा तरी ऐकली असेल. त्यांनी वर्गात न सांगितलेली गोष्ट मी लिहिते.

वाफेचे पाइप इतके तापतात की त्यांना उघडं ठेवता येत नाही. त्या काळी त्यांच्यावर ॲस्बेस्टॉसची जाड गुंडाळी असे. कुठे लगद्यासारखं लिंपलेलं, कुठे गोधडीसारखं शिवलेलं. एखादा व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा तर आधी ती गुंडाळी फोडायची, काम झालं की पुन्हा बांधायची. बाबा त्याला "कापूस" म्हणत. पिंजारी गादीचा कापूस पिंजतो तेव्हा जसा उडतो तसा तो उडायचा, केसांवर, भुवयांवर, चहाच्या मगात. तोंडाला रुमालसुद्धा नसे. समुद्रात जहाज थरथरत राहतं, त्यामुळे कोणी हात लावला नाही तरी तो झडतच असे.

या कापसाचे तंतू इतके बारीक की श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात. मेसोथेलिओमा हा त्यातून होणारा कॅन्सर वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर माणूस नोकरीतून निवृत्त झालेला असतो, देश बदललेला असतो आणि जहाज भंगारात गेलेलं असतं.

सिडनीत आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. ते ऑस्ट्रेलियन नौदलात मेलबर्न जहाजावर स्टोकर होते. बाबांची आणि त्यांची मैत्री कुंपणावरून झाली. मेलबर्न आणि विक्रांत ही एकाच नमुन्याची जहाजं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधायला घेतलेली, एकाचं मूळ नाव मॅजेस्टिक, दुसऱ्याचं हर्क्युलिस. मेलबर्न १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे आली, विक्रांत १९६१ मध्ये भारताकडे. त्यामुळे बाबांनी कागदावर त्यांच्या बॉयलर रूमचा नकाशा काढला की आजोबा शिडीवर बोट ठेवून म्हणायचे, "हां, आमचीही इथेच!" मेलबर्न म्हटलं की इथल्या लोकांना १० फेब्रुवारी १९६४ ची रात्र आठवते, व्हॉयेजरशी टक्कर झाली आणि ८२ जण गेले ती. बॉयलर रूममधली माणसं नंतर एकेकटी गेली, त्यांची अशी एक तारीख नाही.

२०१७ साली आजोबांना मेसोथेलिओमा निघाला. त्यांच्या बायकोला, आम्ही त्यांना आंटी म्हणतो, कागदपत्रांची भीती वाटायची, म्हणून मी मदतीला बसले. तेव्हा कळलं की इथे सैनिकांच्या भरपाईचे तीन वेगळे कायदे होते, आणि कुठला लागू होणार हे तुम्ही कोणत्या वर्षी, कोणत्या समुद्रात होता यावर ठरायचं. आजोबांची काही वर्षं मलायाच्या बाजूला गेली होती, काही शांततेत इथल्याच बंदरांत. पहिल्या वर्षांना १९८६ चा कायदा लागू, दुसऱ्यांना दुसराच. (आता १ जुलै २०२६ पासूनचे नवे दावे एकाच कायद्याखाली जातील, असा बदल संसदेने केला आहे. फार आधी व्हायला हवा होता.)

त्या १९८६ च्या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. मोहिमेवरच्या नोकरीचा आणि रोगाचा संबंध पटण्याजोगा मांडला, की तो खोटा ठरवण्याचं ओझं सरकारवर, तेही कसलाही वाजवी संशय उरणार नाही इतकं. कोणत्या रोगाला कोणती कारणं धरायची याच्या याद्या १९९४ पासून एक स्वतंत्र वैद्यकीय मंडळ करतं. मेसोथेलिओमाच्या यादीत ॲस्बेस्टॉस आहेच. म्हणजे आजोबांना एवढंच दाखवायचं होतं की त्यांनी ती धूळ खरोखर श्वासात घेतली. तिथे बाबांचा नकाशा कामाला आला. कुठला व्हॉल्व्ह, किती वेळा फोडला, झोपायची जागा कुठल्या पाइपाखाली, हे सगळं बाबा विचारत गेले, आजोबा आठवत गेले आणि मी लिहीत गेले. माजी सैनिकांच्या संघटनेतल्या एका बाईंनी एक पैसा न घेता ते अर्जात बसवलं. दावा मान्य झाला, गोल्ड कार्ड आलं. आजोबा त्यानंतर पाच महिने जगले. आंटींना आता पेन्शन मिळते, आणि औषधपाण्यासाठी त्यांचं स्वतःचं कार्ड आहे.

पुढच्याच वर्षी बाबांच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या आवरणावर पांढरे चट्टे दिसले. कॅन्सर नाही, पण खूण तीच. ऑस्ट्रेलियाची भरपाई ऑस्ट्रेलियाच्या नोकरीसाठी, त्यामुळे तो दरवाजा बंद, आणि त्यात इथल्या कोणाचा दोष नाही. भारतात अपंगत्वाच्या पेन्शनसाठी रोग नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे बळावला असं ठरावं लागतं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला रोग नोकरीतलाच मानावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह खटल्यात सांगितलं. पण त्या खटल्यातला माणूस रोगामुळेच नोकरीतून बाहेर पडला होता. बाबा ठणठणीत बाहेर पडले, रोग चाळीस वर्षांनी आला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं जपा, असं त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं होतं. किती शहाणपणाचा आकडा! तिकडच्या एका कार्यालयाने मात्र बाबांकडेच जुनी वैद्यकीय कागदपत्रं मागितली, जी कधी त्यांच्या हातात दिलीच नव्हती.

"बाबा, सोडून द्या," असं माझा भाऊ म्हणाला. बाबा म्हणाले, "पैशाचं नाही रे. माझ्याबरोबर खाली सोळा जण होते."

विक्रांत २०१४ मध्ये मुंबईतच दारूखान्याला तोडायला नेली. बाबांनी बातमी वाचून पहिला प्रश्न विचारला, तोडणाऱ्या पोरांच्या तोंडाला काही बांधलंय का?

आपल्यातल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी नौदलात, गोदीत किंवा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होतं. त्यांच्याकडून जहाजाचं किंवा शॉपचं नाव, साल, कामाची जागा आणि बरोबरच्यांची नावं लिहून घ्या, मराठीत घ्या, आठवणी मराठीत नीट येतात. बाबांची यादी आम्ही केली. सोळांपैकी अकरा नावं आठवली आहेत. बाकीच्या पाचांची फक्त गावं: पेण, रेवदंडा, रत्नागिरी, आणि दोघे कोचीनकडचे.