नातवाचा प्रश्न

साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही रोज चालायला सांगितलं आहे. फजरची नमाज झाली की आम्ही रंकाळ्यावर जातो. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तळ्याकडे आम्ही कधी नीट पाहिलंच नव्हतं. घरातल्या काळज्या बोलत चालायचं आणि परतायचं.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला, तोही सोबत येऊ लागला. पाण्यावर काळे पक्षी पोहत होते, कपाळ पांढरंशुभ्र. "हे कोण?" त्यानं विचारलं. "बदकं," म्हणून आम्ही मोकळे झालो. तो तिथंच थांबला. "दादी, बदकाची चोच चपटी असते. यांची तर टोकदार आहे."

"चल लवकर, उशीर होतोय," आम्ही म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. लहानपणी त्याचे अब्बूही असेच गप्प व्हायचे.

घरी येताना आम्हाला सलीम अली आठवले. आई-वडील लवकर गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवलं. लहानपणी त्यांनी एअरगननं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणं हलाल आहे का, असा त्यांना प्रश्न पडला. मामांनाही ती चिमणी ओळखता आली नाही. पण "असेल कुठली तरी" म्हणून त्यांनी पोराला वाटेला लावलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला पाठवलं. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि सोसायटीतला पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. पुढे १९४१ मध्ये याच मुलाचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं.

दुसऱ्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्या एका गृहस्थांना आम्हीच थांबवलं. "आम्हाला माहीत नाही, याला जरा सांगाल का?"

"हा वारकरी," ते म्हणाले. "कपाळावरचा पांढरा टिळा बघ. बदकासारखे याचे पाय पडद्याचे नसतात." दुर्बीण त्यांनी नातवाच्या हातात दिली. तो किती तरी वेळ ती खाली घेईना. त्या दिवशी आमची फेरी अर्धीच झाली.

सुट्टी संपली, नातू गेला. आता त्याचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "आज वारकरी किती?" आम्ही मोजून ठेवतो. परवा एक नवा पक्षी दिसला. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, तसं त्याला सांगून टाकलं. म्हणाला, "मी आलो की विचारू."