निर्ण्याची जीप

वकिली करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची पक्की समजूत होऊन बसते. ‘न्यूट्रल’ या एका शब्दाने आमची ही समजूत अशी काही मोडली की, तेव्हापासून कोणताही दस्तऐवज दोनदा वाचल्यावाचून आम्ही त्यावर सही करीत नाही.

हकीकत २०१२ सालच्या डिसेंबरातली. बिदर जिल्ह्यातील निर्णा हे आमच्या काकांचे गाव. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. म्हणून घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या कागदपत्रांत उर्दू, असा तिथला संसार. काकांच्या वाड्यापुढे महिंद्रची एक जुनी जीप उभी असे. या कंपनीने १९४७ साली विलिस जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. काकांची गाडी पुष्कळ नंतरची, पण त्याच हाडापेराची. तुरीची पोती, पाहुणे, शाळकरी मुले, सारे तिने वाहिले होते. एका पावसाळी रात्री काकूंना याच जीपमधून बिदरच्या दवाखान्यात नेले आणि काकू बऱ्या होऊन परत आल्या. तेव्हापासून जीप विकण्याची गोष्ट काकांपुढे कोणी काढीत नसे.

त्या जीपचे इंजिन जाम झाले. “सोलापूरला तुझ्या ओळखीचा मिस्त्री आहे ना? तू म्हणशील तसं नेऊ,” काका म्हणाले. हुमनाबादहून सोलापूर सुमारे दीडशे किलोमीटर. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरलो, “न्यूट्रलमध्ये टाकू आणि ओढून नेऊ. त्यात काय आहे?” शेजाऱ्यांचा टेंपो आला, दोर बांधला गेला. काका टेंपोत बसले आणि जीपच्या चाकाशी आम्ही बसलो. गिअरची दांडी मध्यावर आणली, हातब्रेक सोडला आणि प्रस्थान ठेवले.

मन्नाएखेळीपाशी महामार्गाला लागतो न लागतो, तोच पायांखालून जळक्या तेलाचा वास येऊ लागला. रस्त्याकडेच्या एका वयस्क मिस्त्रीने जीपखाली डोके घातले, मग आत वाकून दांड्यांकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, न्यूट्रल कुठलं केलंत?”

आम्हांला प्रश्नच समजला नाही. त्या जीपमध्ये दांड्या तीन. एक नेहमीच्या गिअरची, दुसरी पुढच्या चाकांना बळ जोडण्याची, आणि तिसरी ट्रान्सफर बॉक्सची, म्हणजे इंजिनाचे बळ पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीची. या तिसऱ्या दांडीलाही स्वतःचे न्यूट्रल असते, आणि तिला आम्ही हातही लावला नव्हता. परिणामी रस्त्यावर फिरणारी मागची चाके प्रोपेलर शाफ्टला फिरवीत होती, शाफ्ट ट्रान्सफर बॉक्सला आणि तो बॉक्स मुख्य गिअरबॉक्समधील वरच्या दांड्याला. त्या दांड्यावर तेल उडविणारा खालचा दांडा मात्र इंजिनाच्या बळाने फिरतो, आणि इंजिन तर निश्चल. वरचा दांडा कोरडाच घासत राहिला होता. मिस्त्रीने बेअरिंग काढून दाखविले. ते तापून निळे पडले होते. काकांनी ते हातात घेऊन पाहिले आणि शब्दही न बोलता परत दिले. ते रागावले असते तर आम्हांला बरे वाटले असते.

रात्री निर्ण्याला परतल्यावर आम्ही सोलापूरच्या आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याला दूरध्वनी केला. त्याने १९८९ चे रस्ता-नियम वाचून दाखविले. बंद पडलेले वाहन ओढावयाचे ते जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोलपंपापर्यंत. दोन वाहनांतील अंतर पाच मीटरांहून अधिक नको. ओढल्या जाणाऱ्या वाहनात परवानाधारक चालक हवा. वेग ताशी २४ किलोमीटरांच्या आत. आणि मागे पांढऱ्या पाटीवर निदान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले हवे. २०१७ साली या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. पण त्या रात्री तरी हेच आमच्यावर बंधनकारक होते, आणि वकील असून आम्ही ते वाचलेले नव्हते. सोलापूरचा बेत रद्द झाला. इंजिन उघडू शकेल असे जवळचे गॅरेज हुमनाबादेत होते. तिथवरच जावयाचे ठरले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने जीप अशी सिद्ध केली, जणू तिला काशीयात्रेला जावयाचे होते. तिसरी दांडी न्यूट्रलमध्ये आणूनही तो थांबला नाही. लांब ओढायची गाडी असेल तर दांडीवर भरवसा ठेवू नये, असे म्हणून त्याने पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट उतरविले. मात्र या जातीच्या जीपचा हातब्रेक चाकांत नसतो, तो ट्रान्सफर बॉक्सच्या मागच्या तोंडाशी असतो. शाफ्ट उतरला की हातब्रेक ओढूनही चाके मोकळीच! म्हणून शाफ्टला हात लावण्यापूर्वी त्याने चाकांखाली लाकडी ठोकळे सारले. रथोत्सवात दोर ओढणारे शेकडो असतात, पण रथ सांभाळतात ते चाकापाशी ठोकळा घेऊन वाकलेले चार जण, याची आम्हांला आठवण झाली. मग चाकांच्या बेअरिंगांत नवे ग्रीस भरले, स्टिअरिंगचे सांधे आवळले, पायब्रेक दाबून पाहिला. दोराऐवजी त्रिकोणी लोखंडी दांडा आला. तोही बंपरला नव्हे, थेट चासीला जखडला, आणि जोडीला साखळ्या. पाटी काकांनी स्वतः रंगविली.

अमेरिकेत मोठ्या घरगाडीमागे जीप चारही चाकांवर ओढीत लोक हजारो मैल हिंडतात. तेथील रँग्लर जीपच्या पुस्तिकेत ट्रान्सफर बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून मुख्य गिअर मात्र टाकलेलाच ठेवावा, असे सांगितले आहे. आमच्या समजुतीच्या अगदी उलट! आणि चारही चाकांना बळ देणाऱ्या ज्या गाडीला हे दुसरे न्यूट्रलच नाही, ती सहसा सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. आजकालच्या गाड्यांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: स्टिअरिंगचे कुलूप उघडलेले हवे, आणि इंजिन बंद असता ब्रेक फार कठीण लागतो, हे ध्यानी हवे.

हुमनाबादपर्यंत आम्ही बैलगाडीच्या संयमाने गेलो. वाटेत तीनदा थांबलो. दर वेळी काका खाली उतरून चारही चाकांचे मध्य हाताने चाचपीत. गॅरेजच्या दारात त्यांनी शेवटच्या चाकावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “थंड आहे रे.” कालपासून आमच्याशी उच्चारलेले ते त्यांचे पहिले शब्द.

मग चाकांखाली ठोकळे नीट बसले आहेत ना, हे वाकून पाहून ते म्हणाले, “चल, माणिकनगर जवळच आहे. प्रभूंचं दर्शन घेऊन येऊ.”