पुसदच्या एका घरात बाळाचा गहू

पूस नदीच्या काठी वसलेल्या पुसदच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या जेवणात ज्वारीची भाकर मुख्य राहिली आणि गव्हाची पोळी प्रामुख्याने सणावाराला होत असे. आता अनेक घरांत पोळी रोजची झाली असून, उष्टावणानंतर बाळाच्या वाटीत येणारा पदार्थही बहुधा गव्हाचाच, म्हणजे रव्याची पातळ सोजी किंवा गव्हाचे सत्त्व, असतो. येथील एका नोकरदार कुटुंबात पहिल्या मुलीला गहू केव्हा द्यावा यावर एकमत नव्हते. गहू लहान जिवाला जड पडतो, तो मुलगी वर्षाची झाल्यावरच द्यावा, असे आजींचे म्हणणे होते; सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत इतर अन्नाबरोबर गहूही थोडा थोडा द्यावा, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला होता.

आजींच्या शंकेचा रोख गव्हातील ग्लूटेनकडे वळवता येतो. कणीक मळल्यावर तिला चिवटपणा आणणाऱ्या प्रथिनांना ग्लूटेन म्हणतात. काही मुलांत या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते आणि अन्नातील सत्त्वांश शोषले जात नाहीत. या आजाराचे नाव सीलिएक. आनुवंशिक धोका असलेल्या बाळांवर युरोपात झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. ग्लूटेन चौथ्या ते सहाव्या महिन्यात अल्प प्रमाणात दिल्याने हा आजार टळत नाही आणि वर्षापर्यंत लांबवल्याने त्याचा धोका घटत नाही, फार तर तो उशिरा प्रकट होतो, असे त्यांतून दिसले. म्हणजे गहू नुसता पुढे ढकलण्यात सुरक्षितता नाही. ती प्रमाण, पोत आणि निरीक्षण यांत आहे.

घरातील खरी चर्चा सत्त्वावरून झाली. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका उन्हात वाळवण्याचे काम आजी निगुतीने करीत. तथापि या साक्यात मुख्यत्वे पिष्ट उतरते आणि प्रथिने, लोह व तंतू यांचा मोठा भाग फडक्यातील चोथ्यात राहतो. सहाव्या महिन्यानंतर बाळाच्या शरीरातील लोहाचा साठा सरत जात असल्याने केवळ सत्त्वावर विसंबणे योग्य नव्हते. शिवाय त्यात ग्लूटेन अजिबात नसते असेही नाही. अखेर सत्त्व अधूनमधून आणि एरवी तुपात भाजलेल्या बारीक दलियाची मुगाच्या डाळीसह मऊ खिचडी, असा मध्यम मार्ग निघाला. साखर व मीठ टाळले गेले आणि मध वर्षाच्या आत द्यायचाच नाही, हे आधीच ठरले होते.

आरंभ चमचाभर सोजीने झाला. ती सकाळी दिली जाई, म्हणजे पुढचे काही तास मूल घरच्यांच्या नजरेखाली राही, आणि त्या दिवसांत दुसरा कोणताही नवा पदार्थ दिला जात नसे. गव्हाची ॲलर्जी हा सीलिएकहून वेगळा प्रकार असून त्यात बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा उलट्या होतात. श्वास घरघरू लागला किंवा मूल मलूल झाले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे लागते. मुलीच्या हनुवटीभोवती एकदा लाली आली, परंतु गहू आधीपासून विनातक्रार पचत असल्याने रोख त्या दिवशी प्रथमच दिलेल्या टोमॅटोच्या वरणाकडे गेला. तोंड पुसल्यावर लाली ओसरली आणि गहू थांबवावा लागला नाही. पुढे पोळी आली तीही वरणात भिजवून, कुस्करून. कोरडा तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून मूल बसलेले आणि मोठे माणूस समोर, हा नियम पाळला गेला.

सीलिएकची चाहूल मात्र काही तासांत लागत नाही. दीर्घकाळ चालणारे जुलाब, फुगलेले पोट, वजन न वाढणे, औषधानेही न हटणारा रक्तक्षय अशी त्याची लक्षणे असतात. अशा वेळी घरच्या घरी गहू बंद करणे चुकीचे ठरते, कारण रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी गहू खाण्यात असतानाच विश्वसनीय उत्तर देते. निदान पक्के झाल्यास गहू आयुष्यभर वर्ज्य करावा लागतो. ज्वारीत हे ग्लूटेन नसल्याने पुसदसारख्या ठिकाणी अशा मुलाच्या ताटाला भाकरीचा आधार आहे; अट एवढीच की गव्हाचे दळण झालेल्या गिरणीतून आलेले ज्वारीचे पीठ त्याच्यासाठी सुरक्षित नसते, म्हणून ते गहू न दळलेल्या घरच्या चक्कीवर किंवा फक्त ज्वारीसाठी राखलेल्या जात्यावर वेगळे दळावे लागते.