रविवारची सायंकाळ आणि शाळेतील एक वर्ग

वाचकहो, प्रवासलेख लिहिणाराने स्थळाचे नाव आरंभीच सांगावे असा शिरस्ता आहे. आज तो मोडण्याची अनुज्ञा आपणाकडे मागते. ज्या वर्गात मी आपणास नेणार आहे, तो मुंबईच्या एका उपनगरात, स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे, एवढेच सांगते. तेथे जमणाऱ्या मंडळींचा अनामिक राहण्याचा नेम आहे, आणि यजमानाचा नेम पाहुण्याने पाळलाच पाहिजे.

माझ्या थोरल्या मामांचे मद्यपान ही आमच्या घराने वीस वर्षे उंबरठ्याआड ठेवलेली गोष्ट. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. शपथा झाल्या, नवस झाले. पंढरीची माळ गळ्यात आली आणि चार महिन्यांनी खुंटीवर गेली. गेल्या वर्षी रुग्णालयातून घरी पाठविताना डॉक्टर म्हणाले, "औषधाचे काम झाले. यापुढे सोबत शोधा." त्यांनी 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या संघटनेचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला. मामींनी तो फिरविला व रडत रडत सारी हकीकत सांगितली. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वहिनी, फोन त्यांनाच द्या." त्यांनी मामांना उपदेश केला नाही, स्वतः कसे प्यायचे, एवढेच सांगितले. मामा बराच वेळ ऐकत राहिले.

रविवारी आम्ही तिघे निघालो. वळणावर 'परमिट रूम'ची पाटी आली आणि मामांचे पाय थबकले. ही पाटी म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्याची मुंबईत उरलेली खूण. या संघटनेचे कार्य भारतात १९५७ साली मुंबईतच सुरू झाले, तेही दारूबंदी अमलात असताना. कायद्याने दुकानाचे दार बंद होते. मनातले दार निराळेच असते.

मामांना असे उभे पाहून मला वाचलेला एक प्रसंग आठवला. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन या रबराच्या कारखान्यांच्या गावी, मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरव्यवसायी असाच उभा होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते आणि व्यवहारात नुकतेच अपयश आले होते. एका बाजूस मद्यगृह गजबजलेले, तर दुसऱ्या बाजूस दूरध्वनी. तो दूरध्वनीकडे वळला आणि आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीची गाठ घालून द्या, अशी विनंती करू लागला. अशा रीतीने त्याची भेट डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशी झाली. पंधरा मिनिटे बसू म्हणून आलेले डॉक्टर रात्री अकरापर्यंत बोलत राहिले. त्याच वर्षीच्या १० जूनला डॉक्टरांनी अखेरचा पेला घेतला, असे मानतात. तोच या संघटनेचा स्थापनादिन. बुडणाऱ्याला बुडून वर आलेल्याची भाषा कळते, हे या दोघांनी ओळखले.

"चल पोरी, उशीर होतोय," असे म्हणत मामाच पुढे झाले.

वर्गात मुलांचे ठेंगणे बाक होते, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता आणि कोपऱ्यात चहाची किटली. त्या दिवशीची सभा खुली, म्हणजे कुटुंबीयांनाही मोकळी होती. रिक्षाचालक, बँकेतील अधिकारी, एक तरुण शिक्षिका, असे वीसेक जण बसले होते. प्रत्येकाने उठावे, आपले पहिले नाव सांगावे, "मी मद्यपी आहे" म्हणावे आणि आपबीती सांगावी. मध्ये कोणी बोलत नाही. कोणी सल्ला देत नाही. एकाने अकरा वर्षे झाल्याचे सांगितले, तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्याने नऊ दिवस सांगितले, तेव्हा त्याहून मोठ्या पडल्या! जन्मभराची शपथ येथे कोणी घेत नाही. आजचा दिवस न पिता काढावयाचा, एवढाच संकल्प. शुल्क नाही, सभासद एका पिशवीत यथाशक्ती पैसे टाकतात. दारू सोडण्याची इच्छा, ही प्रवेशाची एकमेव अट.

मामांची पाळी आली. ते उभे राहिले, नाव उच्चारले आणि खाली बसले. त्यापुढे शब्द फुटेना. तरी शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मामींना एका बाईंनी 'अल-अनॉन'ची माहिती दिली. मद्यपींच्या आप्तांसाठी १९५१ पासून चाललेली ही निराळी संघटना आहे. घरच्यांनाही आधार हवा असतो, हे मामींना प्रथमच कोणी सांगितले.

वाचकहो, आपल्या घरी असे दुःख असेल तर दोन गोष्टी ध्यानी ठेवा. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके, भ्रम असे प्राणावर बेतणारे प्रसंग येऊ शकतात; म्हणून आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि वाट कोठे विचारावी हे उमगत नसेल, तर शासनाच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारावी.

सभेने सर्वच बरे होतात असे मात्र नाही. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात मामांचे पाऊल घसरले. पूर्वी असे झाले की ते आठ आठ दिवस तोंड लपवीत. या खेपेस पुढच्या रविवारी ते एकटेच निघाले, त्याच बाकावर जाऊन बसले, आणि पाळी येताच उठून म्हणाले, "आज माझा दुसरा दिवस."